आठ सेंटिमीटरची फट : एका व्हीलचेअर बास्केटबॉलपटूचे दोन हंगाम

(खेळाडूची, संघाची आणि स्पर्धेची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

खेळाडू पश्चिम महाराष्ट्रातल्या एका खेड्यातली. एकोणिसाव्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घराचे पत्रे नीट करताना छपरावरून पडली आणि टी-१२ मणक्यापाशी (पाठीच्या, बरगड्या जोडलेल्या बारा मणक्यांतला शेवटचा) मज्जारज्जूला पूर्ण इजा झाली. शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन पुण्यात झालं. बाविसाव्या वर्षी ती व्हीलचेअर बास्केटबॉल खेळू लागली आणि चोविसाव्या वर्षी राज्याच्या संघात आली.

टी-१२ म्हणजे काय हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पोटाचे स्नायू जवळजवळ शाबूत असतात, त्यामुळे धड बऱ्यापैकी ताब्यात असतं. कंबरेखाली हालचाल नाही आणि स्पर्शही नाही. या पातळीच्या इजेत पुष्कळदा पाय आखडत नाहीत, लुळे पडतात, तसे हिचे पडले होते. लुळेपणात कुल्ल्यांचे स्नायू वर्ष-दोन वर्षांत झिजतात आणि बसल्यावर ज्या दोन हाडांवर सगळा भार येतो त्यांच्याखाली कातडी आणि जेमतेम चरबी उरते. मूत्राशयही सैल असतं. ते भरलेलं असताना पुढे वाकलं किंवा जोराने चाक ढकललं की थोडी गळती होते. इजा टी-६ च्या वर असती तर खाली काही दुखलं-खुपलं की डोकं ठणकणं, घाम फुटणं, रक्तदाब चढणं असा इशारा तरी मिळाला असता. टी-१२ ला तोही मिळत नाही.

मराठी वाचकाला व्हीलचेअरवरचा खेळाडू म्हटलं की खडकीचं १९७४ साली सुरू झालेलं जवानांचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आठवतं, नाहीतर १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवणारे मुरलीकांत पेटकर. बास्केटबॉलची घडी मात्र अलीकडची आहे. भारतीय व्हीलचेअर बास्केटबॉल महासंघ २०१४ मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय स्पर्धांमुळे राज्याचे संघ उभे राहिले आणि गावातल्या मुलीपर्यंत हा खेळ पोहोचला. खुर्च्या त्या वेगाने पोहोचल्या नाहीत. या प्रकरणाची सुरुवात तिथून होते.

खेळाचे दोन नियम इथे लागतील. मैदान नेहमीचंच २८ बाय १५ मीटरचं आणि रिंगही ३.०५ मीटरवरच असते. प्रत्येक खेळाडूला शरीराच्या ताब्याप्रमाणे १.० ते ४.५ गुण दिलेले असतात. ज्याच्या धडावर ताबा नाही तो १.०, ज्याला दोन्ही बाजूंना झुकून परत येता येतं तो ४.५. मैदानावरच्या पाचांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. बैठकीची उंची, गादी धरून, १.० ते ३.० गुणांच्या खेळाडूला जमिनीपासून ६३ सेंटिमीटरपर्यंत चालते, त्यावरच्यांना ५८ पर्यंत. हिला २.० गुण मिळाले होते.

अडचण

सरावाची खुर्ची संघाची होती. ती मुळात ४.० गुणांच्या एका पुरुष खेळाडूसाठी केलेली. बैठक सपाट, पाठ बुटकी, रुंदी ४२ सेंटिमीटर. हिची कंबर ३४ सेंटिमीटर. उरलेल्या आठ सेंटिमीटरच्या फटीत दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या खोचल्या जायच्या.

टॉवेल दबतात. पाच मिनिटांच्या खेळात ओटीपोटाचं हाड एका बाजूला कलतं आणि भार एकाच बसायच्या हाडावर जातो. ती उजव्या हाताने नेम धरायची, डावीकडे वळताना उजवी बाजू खाली दाबायची, म्हणून भार उजवीकडे. गादी पाच सेंटिमीटरच्या साध्या फोमची होती आणि वर्षभराच्या वापराने बसलेली. ती तपासायला फार काही लागत नाही. खेळाडू बसलेला असताना तळहात वर करून गादीखाली सरकवायचा. हाड बोटांना थेट टोचलं तर गादी संपली. हा हात कोणी घातला नव्हता.

त्यात दिवसाचा हिशोब. कस्टमर केअरच्या नोकरीत आठ तास बसणं, ये-जा अडीच तास, सराव दोन तास. साडेबारा तास भार त्याच दोन हाडांवर. संघातले सगळे फक्त सरावाचे दोन तास मोजत होते.

राष्ट्रीय स्पर्धेच्या पाच दिवस आधी, रात्री अंघोळीनंतर, लांब दांड्याच्या आरशात तिला उजव्या बाजूला दोन रुपयांच्या नाण्याएवढा डाग दिसला. खोलीतल्या मैत्रिणीने अंगठ्याने दाबून पाहिला. फिजिओथेरपिस्टला फोटो गेला. फोटो पिवळ्या बल्बच्या उजेडातला. "लाली दिसत नाही, खुर्चीचा घट्टा वाटतोय," असं उत्तर आलं.

ही पहिली चूक, आणि ती फार लोकांकडून होते. पुस्तकात लिहिलेलं असतं की दाबल्यावर लाली पांढरी पडली नाही तर शय्याव्रणाची (सततच्या दाबाने होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी समजा. सावळ्या कातडीवर लाली बहुधा दिसतच नाही. डाग जांभळट किंवा आजूबाजूपेक्षा नुसता गडद दिसतो. तिथे डोळ्यापेक्षा हात खरा. बोटांची मागची बाजू लावून जागा शेजारच्यापेक्षा गरम आहे का, कडक किंवा पचपचीत लागते का, दुसऱ्या बाजूशी ताडून पाहायचं. हिची जागा गरमही होती आणि कडकही, हे तिला स्वतःलाच दोन दिवसांनी जाणवलं. तोवर संघ गाडीत बसला होता.

समोर असलेले पर्याय

पहिला : स्पर्धा सोडून द्यायची. पहिल्या पायरीची जागा भार पूर्ण काढला तर बहुधा काही दिवसांत पूर्ववत होते. पण संघात कमी गुणांच्या मोजक्याच खेळाडू होत्या आणि ठरलेल्या पाचांची गणितं (४.५, ४.०, २.५, तिचे २.० आणि १.०, बरोबर १४) तिच्यावर उभी होती. ती नसली तर ४.० वाली बाहेर बसवावी लागणार होती.

दुसरा : सोबत जायचं, डाग मावळला तरच खेळायचं, एरवी पालथं झोपून राहायचं. हा पर्याय कोणी मांडलाच नाही. आज मागे वळून पाहता सगळ्यांत शहाणा तोच होता.

तिसरा : वर ड्रेसिंग लावून थोडा वेळ खेळायचं. ड्रेसिंगने घर्षण कमी होतं, हाडाचा दाब तसाच राहतो. दाबाने बंद पडलेला रक्तपुरवठा चिकटपट्टीने सुरू होत नाही.

तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती. खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरी मिळवायची तर पदकाचं प्रमाणपत्र लागेल, आणि यंदा पदकाची शक्यता होती. अपंगत्वाचं प्रमाणपत्र तिच्याकडे आधीपासून होतं आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या चार टक्के राखीव जागांना पदक लागत नाही. हे दुसरं दार उघडं असताना ती पहिल्या दारापुढे ताटकळत होती. संघातल्या कोणालाही हा फरक सांगता आला असता, पण तो विषय निघाला नाही.

काय घडलं

निर्णय कोणी घेतला नाही, तो होत गेला. तिने प्रशिक्षक सरांना डागाचं सांगितलं, सरांनी विचारलं, "दुखतंय का?" आणि ती म्हणाली, "नाही सर." दुखण्याची सोयच नाही अशा शरीराला हा प्रश्न विचारला गेला आणि त्याचं उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलं.

रेल्वेचा प्रवास वीस तासांहून जास्त. डब्याचं स्वच्छतागृह अरुंद, खुर्ची आत जात नाही. म्हणून आदल्या रात्रीपासून तिने पाणी जवळजवळ बंद केलं. व्हीलचेअरवरचे पुष्कळ खेळाडू प्रवासात हेच करतात. लघवी घट्ट होते, जंतुसंसर्ग बळावतो. दर चार तासांनी घालायचा कॅथेटर (लघवी काढायची नळी) नऊ तासांवर गेला की भरलेलं मूत्राशय गळू लागतं. ओली कातडी मऊ पडते आणि मऊ कातडी लवकर फाटते. गाडीतून उतरताना तिची पॅन्ट दमट होती. बदलायला वेळ होता. पण आधी उद्घाटनाच्या संचलनाला जायचं ठरलं.

पहिल्या सामन्यात ती २२ मिनिटं खेळली. दुसऱ्यात, मध्यंतरानंतर, खुर्चीतून उतरवताना गादीच्या खोळीवर रक्ताचा डाग दिसला. कातडी गेली होती. त्या रात्रीपासून ती पालथी होती. पण तोपर्यंतचे सामने, सराव, बसप्रवास मिळून तीन दिवसांचा भार पडून गेला होता. वरून दिसते ती जखम पुष्कळदा लहान असते. हाडाजवळचं मांस आधी मरतं आणि खड्डा आतून बाहेर येतो. घरी पोहोचल्यावर दोन सेंटिमीटर तोंडाची जखम आत चरबीपर्यंत गेलेली निघाली. शय्याव्रणाची तिसरी पायरी.

पुढचे १४ आठवडे बसणं शून्य. पालथं किंवा कुशीवर, रात्री दर दोन तासांनी कूस बदलून. (ही दोन तासांची शिस्त लुडविग गुटमान यांनी इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिलला लावली. १९४८ मध्ये तिथेच व्हीलचेअरवरच्या खेळांच्या स्पर्धा सुरू झाल्या. म्हणजे खेळ आणि जखमेची काळजी एकाच वॉर्डातून निघाले. पुढे त्यांची फारकत झाली.) जखम सलाइनने धुवायची आणि ओलसर ड्रेसिंग ठेवायचं. गावाकडून दोन सल्ले आले : जखमेला ऊन द्या, आणि हवा भरलेल्या ट्यूबवर बसवा. ट्यूबच्या मधल्या भोकामुळे जखम लोंबती राहते, पण कडेची कातडी दाबून तिचा रक्तपुरवठा तोडला जातो. आईने ट्यूब आणूनही ठेवली होती. परिचारिकेने कारण समजावल्यावर ट्यूब परत दुकानात गेली. हिमोग्लोबिन तपासलं तर कमी निघालं. अंडी, डाळ, दूध वाढवलं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्त कमी असेल तर जखम भरायला वेळ लागतो, हे पहिल्याच आठवड्यात तपासायला हवं होतं, चौथ्यात तपासलं.

जखम भरल्यावर बसणं १५ मिनिटांपासून सुरू झालं, दिवसातून दोनदा. उठल्यावर अर्ध्या तासात डाग मावळला तर पुढच्या वेळी १५ मिनिटं वाढवायची, नाहीतर मागे यायचं. पूर्ण दिवस बसायला आणखी सहा आठवडे लागले. नोकरी त्याआधीच गेली होती.

खुर्चीचा निर्णय

आता खेळायचंच असेल तर त्या खुर्चीत नाही, एवढं ठरलं. तीन वाटा होत्या.

जुनी खुर्ची कापून अरुंद करणं सगळ्यांत स्वस्त. वेल्डिंगवाला तयारही होता. पण या चौकटी उष्णता देऊन कणखर केलेल्या अॅल्युमिनियमच्या असतात. वेल्डिंगच्या आजूबाजूचा पट्टा तापून मऊ पडतो आणि पुन्हा तशी प्रक्रिया केल्याशिवाय ताकद परत येत नाही. धडकाधडकीच्या खेळात अशी चौकट सांध्यापाशीच तडकते. ही वाट सोडली.

परदेशी, मापाची खुर्ची काही लाखांत जाते. एका कंपनीच्या सामाजिक निधीसाठी अर्ज केला. आणि तोपर्यंतची सोय म्हणून जुन्याच खुर्चीच्या बैठकीला आतून दोन्ही बाजूंनी चार-चार सेंटिमीटरच्या फळ्या, वर कडक फोम आणि रेक्झिन, नटबोल्टने आवळून बसवल्या. टॉवेलची जागा न दबणाऱ्या वस्तूने घेतली. हे काम पहिल्या दिवशी करता आलं असतं.

निधी मंजूर झाला आणि मापं घ्यायची वेळ आली तेव्हा आणखी एक चूक होता होता राहिली. पहिली मापं ती पलंगावर आडवी असताना आणि जाड सलवारीत घेतली गेली. आडवं असतानाचा आकार आणि बसल्यावरचा आकार वेगळा असतो. पुन्हा मापं घेतली ती कडक बाकावर बसवून, सरावाची शॉर्ट घालून, दोन माणसांनी स्वतंत्रपणे. कंबरेच्या सगळ्यांत रुंद जागी ३४ सेंटिमीटर. गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागापर्यंत मांडीची लांबी, वजा चार सेंटिमीटर. गुडघ्यापासून टाचेपर्यंत पायाची लांबी.

खरा वाद झाला बैठकीच्या उतारावर. कमी गुणांच्या खेळाडूंची बैठक मागे खाली उतरती ठेवतात. गुडघे वर येतात, धड खुर्चीत रुततं आणि धक्का बसला तरी माणूस पुढे कोसळत नाही. पण जितका उतार जास्त तितका बसायच्या हाडांवर दाब जास्त. प्रशिक्षकांना १२ सेंटिमीटर उतार हवा होता, फिजिओथेरपिस्टला पाच. ठरले आठ : जमिनीपासून पुढे ५३, मागे ४५. तिच्या पोटाचे स्नायू चालतात, त्यामुळे धड धरायचं थोडं काम शरीराला आणि उरलेलं कमरेच्या रुंद पट्ट्याला दिलं. चाकांचा कलता कोन १८ अंश, मागे न उलटण्यासाठी पाचवं छोटं चाक. गादीसाठी हवेच्या पिशव्यांची तपासून पाहिली, पण वळताना ती डुलते आणि नेम हलतो. शेवटी दोन थरांचा फोम, वरचा मऊ, खालचा कडक, बसायच्या हाडांखाली खोलगट कोरलेला. दर महिन्याला तळहाताची परीक्षा, तारीख गादीच्या खालच्या बाजूला मार्करने.

दुसरी गाठ : वर्गीकरण

खुर्ची आली आणि सहा आठवड्यांत तिचा खेळ बदलला. पूर्वी पुढे झुकल्यावर परत यायला एक हात मांडीवर टेकावा लागायचा. आता पट्ट्याने ओटीपोट जागेवर राहिल्यामुळे जमिनीवरचा चेंडू ती दोन्ही हातांनी उचलू लागली.

वर्गीकरण करणारे, म्हणजे हे गुण ठरवणारे, खेळाडूला त्याच्याच खुर्चीत, पट्ट्यांसकट, आधी सरावात आणि मग सामन्यात पाहतात. हे झुकून वर येणं त्यांच्या नजरेत भरणार आणि २.० चे २.५ होणार हे दिसत होतं. मग पाचांची बेरीज साडेचौदा. बेरीज ओलांडलेली लक्षात आली तर प्रशिक्षकावर तांत्रिक फाऊल लागतो.

संघातल्या एका ज्येष्ठ खेळाडूने सुचवलं, "त्या दिवशी जरा मांडीवर हात टेकव ना, एवढ्याने काय होतंय?" या सल्ल्यात वाईट हेतू नव्हता, अर्ध्या गुणासाठी गणित मोडू नये, इतकंच. पण क्षमता मुद्दाम लपवणं हा वर्गीकरणाच्या नियमांत गंभीर गुन्हा आहे आणि बंदी खेळाडूवर येते, सल्ला देणाऱ्यावरही येऊ शकते. प्रशिक्षकांनी तो विषय तिथेच संपवला आणि २.५ धरूनच नवी पाच बांधली : ४.५, ३.५, २.५, तिचे २.५ आणि १.० असे १४.

यात ४.० वाली उंच खेळाडू बाहेर गेली आणि रिंगखालची ताकद घटली. त्याची भरपाई तिच्या कामातून करायची ठरली. चेंडू आपल्याकडे आला की प्रतिस्पर्ध्याच्या ४.५ वालीच्या खुर्चीपुढे आपली खुर्ची आडवी लावून तिला त्यांच्या हल्ल्याच्या बाजूलाच अडवून धरायचं. तीन-चार सेकंदं ती अडकली की दुसऱ्या टोकाला आपल्या चौघी आणि त्यांच्याही चौघीच, पण त्यांची ४.५ वाली त्यात नाही. गुणफलकावर या कामाची नोंद कुठेच होत नाही.

निष्पत्ती

त्या हंगामात तिला २.५ च मिळाले. दर सामन्यात ती १२ ते १८ मिनिटं खेळली. पदक आलं नाही. सरावानंतर आणि झोपण्यापूर्वी आरसा व हाताने तपासणी झाली. वर्षभरात दोनदा जागा गरम लागली, दोन्ही वेळा ४८ तास खुर्ची बंद, आणि दोन्ही वेळा ती पूर्ववत झाली. प्रवासात खालचा बर्थ, चादरीचा आडोसा, कॅथेटरला जोडलेली लघवीची पिशवी आणि दिवसाला दोन लिटर पाणी. दिव्यांगांसाठीच्या डब्यात जागा मिळाली त्या वेळी हेही लागलं नाही.

नोकरी चार टक्क्यांच्या राखीव जागेतून मिळाली, कारकुनाची. तिथेही बसायचे आठ तास आहेतच. जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं ती विश्रांतीच्या खोलीत पालथी होते, आणि दर अर्ध्या तासाला पुढे मांड्यांवर छाती टेकेपर्यंत एक-दोन मिनिटं वाकते. हात टेकून वर उचलण्यापेक्षा असं वाकणं बरं. भार जास्त वेळ हलतो आणि खांदे वाचतात. चाक ढकलणं, नेम धरणं आणि खुर्चीतून पलंगावर जाणं या तिन्हीला तेच दोन खांदे लागतात.

जखमेच्या जागेवर व्रण आहे. भरलेल्या कातडीची ताकद मूळच्या सुमारे ८० टक्क्यांपुढे जात नाही, त्यामुळे उजवी बाजू कायमची कच्ची धरूनच तिची मिनिटं ठरतात.

पुन्हा करायचं तर

संघाने आता तीन गोष्टी बदलल्या आहेत. स्पर्धेला निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकीची कातडी तपासली जाते, पांढऱ्या उजेडात आणि हाताने. "दुखतंय का" हा प्रश्न बाद झाला, "गरम आहे का" हा आला. आणि खेळाडूला थांबवायचा अधिकार फिजिओथेरपिस्टकडे आहे, प्रशिक्षकाकडे नाही. प्रशिक्षक पाचांच्या बेरजेत अडकलेला असतो. पहिल्या हंगामात सर वाईट वागले नाहीत, त्यांच्यासमोर १४ चा आकडा होता.

वाद उरतो तो उताराचा. आठ सेंटिमीटरऐवजी सहा ठेवले असते तर गरम लागण्याच्या त्या दोन वेळाही टळल्या असत्या, असं फिजिओथेरपिस्ट म्हणतात. प्रशिक्षकांच्या मते सहावर ती पहिल्याच धडकेत पुढे गेली असती. खुर्चीची मागची उंची बोल्टने दोन सेंटिमीटर वरखाली होते, पण हंगामाच्या मध्यात ती बदलून पाहायला कोणी तयार नाही.

जुनी खुर्ची संघाकडेच आहे आणि नवी मुलगी आली की तीच दिली जाते. बैठकीच्या दोन्ही बाजूंना त्या फळ्या आहेत, प्रत्येकी चार बोल्टवर. जाडी कमी-जास्त करायला आणखी तीन जोड्या करून ठेवल्या आहेत. बोल्ट सोडायची अॅलन की हरवायची, म्हणून ती दोरीने चौकटीला बांधली आहे.